‘लेला’ म्हणजे ‘हॅज’ : एका खोट्या समीकरणाचा समाचार

अमरावती-अकोल्याकडील मुलांस इंग्रजी येत नाही, असा आक्षेप पुण्या-मुंबईकडे पूर्वीपासून ऐकू येतोच. पण अलीकडे आमच्या वऱ्हाडातील कित्येक शिक्षकही तो मोठ्या हौसेने उच्चारू लागले आहेत. पुराव्यादाखल जी वाक्ये पुढे केली जातात ती बहुधा एकाच जातीची असतात. ‘काल भेटलेले गृहस्थ आज घरी आले’ एवढे साधे वाक्य इंग्रजीत सांगावयाचे असता मुलगा ‘द जंटलमन हूम आय हॅव मेट यस्टर्डे’ असा आरंभ करतो, आणि मास्तर कपाळास हात लावून ‘वऱ्हाडी बोलीचा परिणाम, दुसरे काय!’ असा निवाडा देऊन मोकळे होतात. आम्हांस हा निवाडा सपशेल अमान्य आहे. ह्या चुकीत वऱ्हाडीचा अपराध तिळभरही नाही. अपराध आहे तो मास्तरांनीच फळ्यावर लिहून दिलेल्या एका समीकरणाचा.

‘हॅज किंवा हॅव, अधिक क्रियापदाचे तिसरे रूप, म्हणजे लेला-लेली-लेले’ हे ते समीकरण. आणि ‘हू म्हणजे जो, विच म्हणजे जे’ हे त्याचे जोडसूत्र. ही दोन सूत्रे मुखोद्गत झाली की संबंधी वाक्यांचा अध्याय आटोपला, अशी समजूत गाईडांनी रूढ केली व शिकवणीच्या वर्गांनी ती पक्की केली. सूत्र सुटसुटीत आहे, पाठ करण्यास सोपे आहे. दोष एवढाच की ते खरे नाही.

‘कापूस विकलेला शेतकरी’ हे तीन शब्द घ्या. हा शेतकरी आता कापूस विकून चुकाऱ्याची वाट पाहत असेल; गेल्या दिवाळीस विकून तो हिशेब विसरलाही असेल; किंवा भाव चढण्यापूर्वीच विकून बसल्यामुळे तेव्हा हळहळला असेल. मराठीस ह्या तिघांकरिता एकच पेहराव पुरतो. कारण ‘विकलेला’ हे धातुसाधित विशेषण होय. क्रिया पुरी झाली एवढेच ते सांगते. ती केव्हाची, हे सांगण्याचा भार ते मुख्य क्रियापदावर व संदर्भावर टाकते. इंग्रजीची रीत निराळी. तिला जोडवाक्यातही काळाचा हिशेब स्वतंत्र द्यावा लागतो. चुकाऱ्यासाठी थांबलेला तो ‘हू हॅज सोल्ड हिज कॉटन’. दिवाळीस विकणारा तो ‘हू सोल्ड हिज कॉटन लास्ट दिवाळी’. आणि भाव चढले त्यापूर्वीच विकून बसलेला तो ‘हू हॅड सोल्ड’. एका ‘लेला’स इंग्रजीत तीन दारे आहेत, आणि आमचे समीकरण मुलास त्यांपैकी एकच दाखविते.

ह्या दारांतील भेद तरी कोणता? ‘हॅज’चे रूप गतकाळाकडे आजच्या उंबरठ्यावर उभे राहून पाहते. क्रिया झाली खरी, पण तिचा परिणाम किंवा तिचा संबंध अद्याप चालू आहे, असा त्याचा आशय असतो. म्हणून ‘काल’, ‘परवा’, ‘गेल्या वर्षी’ असा निश्चित दिवस उच्चारला की ते रूप तेथे टिकत नाही. मराठीचे ‘आहे’ मात्र ‘काल’ शब्दास भीत नाही. ‘मी त्याला काल पाहिले आहे’ हे शुद्ध मराठी वाक्य आहे. मग ‘आहे’ म्हणजे ‘हॅव’ असे शिकलेल्या मुलाने ‘आय हॅव सीन हिम यस्टर्डे’ म्हटले, तर त्याने गुरूची आज्ञा तंतोतंत पाळली, असेच म्हणावयास नको काय? तीच गत ‘होतो’ची. ‘मी काल अकोल्यास गेलो होतो’ हे वाक्य इंग्रजीत साध्या ‘वेंट’ने सांगावयाचे; पण ‘होतो म्हणजे हॅड’ हे पढविलेले असल्यामुळे ‘आय हॅड गॉन’ हेच तोंडून निघते. आणि ही चूक वऱ्हाडातच होते असे नाही. पुण्याच्या सुशिक्षितांच्या तोंडीही ती नित्य ऐकू येते. तेथे मात्र तिचे खापर कोणी पुणेरी बोलीवर फोडीत नाही!

समीकरण उलट्या दिशेने चालवून पाहिले तर त्याचा पोकळपणा अधिकच उघड होतो. ‘द टीचर हू हॅज टॉट हिअर फॉर ट्वेंटी इयर्स’ ह्याचा अर्थ सूत्राप्रमाणे ‘येथे वीस वर्षे शिकविलेले मास्तर’ असा होईल, आणि ऐकणारास वाटेल की मास्तर सेवानिवृत्त झाले. वस्तुतः ते आजही वर्गावर आहेत. खरे मराठी ‘वीस वर्षांपासून येथे शिकवीत असलेले मास्तर’ हे होय. म्हणजे जेथे इंग्रजी ‘हॅज’ लावते तेथे मराठीस चालू क्रियेचे रूप वापरावे लागते.

यावर काही पंडित म्हणतील, ‘म्हणूनच इंग्रजीच्या तासास मराठीचा शब्दही नको.’ हा उपाय रोगाहून भयंकर आहे. खोटी तुलना अपायकारक ठरली म्हणून खरी तुलनाही टाकून द्यावयाची, हा न्याय कोठला? ‘ही इज वन ऑफ द बॉइज हू हॅव पास्ड’ ह्या वाक्यात ‘हॅज’ की ‘हॅव’, हा परीक्षकांचा आवडता सापळा आहे. मुलगा ‘वन’ पाहून ‘हॅज’ लिहितो व फसतो. त्यास नियम घोकून घेण्यापेक्षा ‘उत्तीर्ण झालेल्या मुलांपैकी तो एक’ असे म्हणावयास लावा. ‘झालेल्या’ हे विशेषण ‘मुलां’चे आहे, ‘एका’चे नव्हे, हे त्याचा कानच त्यास सांगेल. तसेच ‘द बिगेस्ट टायगर आय हॅव एव्हर सीन’ ह्यात संबंधी सर्वनाम कोठे गेले, म्हणून मुलगा गोंधळतो. मेळघाटातून परतलेला त्याचा आजा ‘मी आजवर पाहिलेला सर्वांत मोठा वाघ’ म्हणतो, तेव्हा त्यात तरी ‘जो’ कोठे असतो? इंग्रज बोलताना कर्मस्थानीचे सर्वनाम गाळतो. कर्तृस्थानीचे मात्र त्यास गाळता येत नाही, एवढे सांगितले की पुरे. शिवाय त्या ‘आजवर’ शब्दातच सारी किल्ली आहे. जेथे ‘आजवर’, ‘आतापर्यंत’ किंवा ‘पासून’ शोभते तेथे ‘हॅज’ला वाव आहे, जेथे ‘काल’ किंवा ‘त्या वेळी’ शोभते तेथे तो नाही.

आता ज्या वऱ्हाडीस दूषण दिले जाते तिच्याकडे वळू. आमच्याकडील माय ‘पाऊस येऊन राहिला’ म्हणते, तेव्हा पुणेकर हसतो. कारण रूप पाहावे तर पूर्ण झालेल्या क्रियेचे, आणि पाऊस तर अंगणात कोसळत आहे! परंतु क्रियापदाचे रूप एक व त्याने दाखविलेला काळ दुसरा, हे मर्म ह्या मायेच्या लेकरास पाळण्यातच कळलेले असते. इंग्रजी ‘हॅज’च्या पोटी नेमके हेच मर्म आहे. जी बोली ह्या पाठाची उत्तम पूर्वतयारी ठरावी तिलाच अडथळा म्हणणे हे अज्ञान नव्हे तर काय? ज्या विदर्भाच्या नावाने संस्कृत साहित्यशास्त्राने वैदर्भी रीतीचा गौरव केला, त्याच विदर्भाच्या मुलाने तोंड उघडण्यास लाजावे, ही स्थिती आम्हांस असह्य वाटते. ह्या लाजेची किंमत मोठी आहे. चूक दाखविली तर मुलगा सुधारतो. बोलीच सदोष ठरविली तर तो मुका होतो, आणि नोकरीच्या मुलाखतीत हे मुकेपणच ‘इंग्रजी येत नाही’ म्हणून नोंदले जाते.

२००० सालापासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविले जात आहे. इतकी वर्षे हाती असूनही हे समीकरण फळ्यावरून पुसले जाऊ नये, ह्याचे कारण साधनांचा अभाव खास नव्हे. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली बाहेर पडले. वऱ्हाडीची नोंद ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीच्या १९०५ सालच्या मराठी खंडात झालेली आहे. आणि आता अमरावती जिल्ह्यातच, ‘लीळाचरित्रा’शी ज्याचे नाव निगडित त्या रिद्धपुरास, २०२४ सालापासून मराठी भाषेचे विद्यापीठ उभे आहे. मराठीच्या अंगाने इंग्रजी शिकविणारे एक छोटेसे पुस्तक वऱ्हाडी शिक्षकांच्या हाती देणे, हे त्या विद्यापीठास अशक्य नाही, आणि अप्रस्तुत तर नाहीच नाही.

तोवर आमचे शिक्षकबंधूंस एवढेच मागणे आहे. मुलाने ‘हॅव मेट यस्टर्डे’ म्हटले, तर त्याच्या बोलीस हसू नका. त्यास विचारा, ‘बाळ, हे केव्हाचे?’ तो ‘कालचे’ म्हणेल, आणि ‘हॅव’ आपण होऊन गळून पडेल.