देणगी आणि तिची अट

संशोधन हें सरकारी पैशाचेंच काम, असें मानणाऱ्यांनीं कलकत्ता विद्यापीठाच्या सायन्स कॉलेजाचा इतिहास पाहावा. १९१४ सालीं स्थापन झालेलें हें कॉलेज उभें राहिलें तें मुख्यत्वें दोन वकिलांच्या कमाईवर. सर तारकनाथ पालित यांनीं १९१२ सालीं आपली मिळकत दिली. सर रासबिहारी घोष यांनीं १९१३ सालीं १० लक्ष रुपये दिले. अट अशी कीं, या अध्यासनांवर हिंदी मनुष्यच बसावा. हिंदी बुद्धीस संशोधन झेपणार नाहीं असें राज्यकर्ते उघड म्हणत, तेव्हांची ही अट होय.

कुलगुरु सर आशुतोष मुकर्जी यांनीं माणसें पारखलीं. सरकारी हिशेबखात्याची मोठी नोकरी सोडून रामन् १९१७ सालीं भौतिकशास्त्राचे पालित अध्यापक झाले. मेघनाद साहा व सत्येंद्रनाथ बोस हे तरुण तेथेंच शिकवूं लागले. साहांचें आयनीभवनाचें समीकरण १९२० सालीं प्रसिद्ध झालें. रामन् यांस १९३० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांचा शोध ज्या प्रयोगशाळेंत लागला, तीहि डॉ. महेंद्रलाल सरकार यांनीं १८७६ सालीं लोकांच्या देणग्यांतून स्थापिलेल्या संस्थेचीच.

आमच्या पेठांतून दानाचा ओघ आजहि आटलेला नाहीं. पण तो बहुधा इमारतीपाशीं व तिच्यावरील नांवाच्या पाटीपाशीं थांबतो. पालित-घोषांनीं द्रव्याबरोबर आपल्या माणसांवरील विश्वासहि दिला. तो देण्यास खर्च लागत नाहीं, छाती लागते.