बाबेतची मेजवानी

ख्रिस्ती धर्मशास्त्रांतील 'कृपा' हा शब्द आपल्याला परका वाटत नाहीं, आणि म्हणूनच तो समजण्यास अधिक कठीण जातो. अहेतुक कृपेचा महिमा आपल्या संतांनींहि गाइला आहे. पण नित्याच्या व्यवहारांत आपण व्रतें मोजतों, जप मोजतों, आणि देवाकडे आपलें कांहीं येणें आहे असें मनांतून धरून चालतों. सोळाव्या शतकांत मार्टिन ल्यूथरनें ही वहीच रद्द केली. कृपा सत्कृत्यांनीं मिळवितां येत नाहीं. ती दिली जाते आणि श्रद्धेनें स्वीकारावयाची असते, असें त्याचें प्रतिपादन.

गाब्रिएल आक्सेल या डॅनिश दिग्दर्शकाच्या 'बाबेतची मेजवानी' (१९८७) या चित्रपटांत हा सिद्धांत पंक्तीला येऊन बसतो. मूळ कथा कारेन ब्लिक्सेन यांची. तिच्यांतील नॉर्वेचें गांव आक्सेल यांनीं डेन्मार्कांत, जटलंडच्या ओसाड किनाऱ्यावर आणिलें, हें फार योग्य झालें. तेथील करड्या आभाळाखालीं रसनेचा नुसता विचारहि पाप वाटावा.

तेथें एका दिवंगत धर्मगुरूच्या दोन अविवाहित कन्या राहतात. एकीचें नांव ल्यूथरवरून मार्तीने, दुसरीचें त्याचा सहकारी मेलांक्थोन याच्यावरून फिलिपा. भगिनी दयाळू आहेत. परंतु वडिलांचा उरलासुरला शिष्यवर्ग प्रार्थनेस जमतो तो एकमेकांचीं जुनीं पापें उगाळण्यासाठींच. या घरीं १८७१ सालीं पॅरिसच्या कम्यूनच्या कत्तलींत पति व पुत्र गमावलेली बाबेत आश्रयास येते, आणि चौदा वर्षें बिनपगारी राहून सुकी मासळी व शिळ्या पावाची पेज शिजविते. पुढें तिला सोडतीत दहा हजार फ्रँक मिळतात. गुरूंच्या जन्मशताब्दीचें जेवण स्वखर्चानें करण्याची ती परवानगी मागते.

मग बोटींतून सामान येऊं लागतें. जिवंत कांसव आणि पिंजऱ्यांतले लावे! आपल्या घरांतील वडील मंडळींस हा देखावा पाहवणार नाहीं. मार्तीनेलाहि त्याचीं भयंकर स्वप्नें पडलीं. शेवटीं सर्व शिष्य शपथ घेतात कीं, जेवूं, पण चवीविषयीं चकार शब्द काढणार नाहीं.

पंक्तीला बारा माणसें असतात, म्हणून कित्येकांना येथें येशूचें अंतिम भोजन दिसतें. साम्य खरें, परंतु त्यावर फार भर देऊं नये. चित्रपटाचें मर्म त्या शपथेंत आहे. जें दान घ्यावयाचेंच नाहीं असा निश्चय करून ही मंडळी बसलीं, तें त्यांच्या निश्चयास न जुमानतां त्यांच्यांत उतरतें. व्यवहारांत एकमेकांस फसविलेले दोघे हंसत त्याची कबुली देतात. पदार्थांची पारख एका वृद्ध सेनापतीलाच आहे. तरुणपणीं मार्तीनेला सोडून त्यानें मानमरातब पत्करला होता. तो उठून सांगतो कीं, कृपेला अट नसते. आपण जें निवडलें तें मिळतें, आणि जें नाकारलें तेंहि परत मिळतें. ऐकणाऱ्यांना त्यांतलें कितपत कळलें कोण जाणे! जेवणानंतर तीं म्हातारीं माणसें विहिरीभोंवतीं हात धरून, ताऱ्यांखालीं भजन गातात.

बाबेत मात्र स्वयंपाकघरांतच असते. एके काळीं ती पॅरिसच्या कॅफे आंग्लेची मुख्य पाकनिपुण होती. तेथें बारा जणांच्या भोजनास दहा हजार फ्रँक पडत, आणि तिचेहि तितकेच संपले. तूं आमच्यासाठीं सर्वस्व घालविलेंस, असें भगिनी म्हणतात, तेव्हां ती सांगते कीं, केवळ तुमच्यासाठीं नव्हे. धर्मोपदेशकाला हें उत्तर थोडें अडचणीचें वाटेल. दात्यानें सारें केवळ दुसऱ्यासाठीं केलें असतें तर प्रवचनाला सोयीचें झालें असतें. मला तर तेथेंच हा चित्रपट सर्वांत खोल गेल्यासारखा वाटतो. देणाऱ्यालाहि देण्यांत आनंद होता, आणि तो आनंद तिला चौदा वर्षें मिळाला नव्हता. फिलिपा तिला कवटाळते. बाहेर हिम पडूं लागतें आणि खिडकीजवळची मेणबत्ती विझते.