गंजलेला बोल्ट आणि पाइपाचा जोर

सस्पेन्शनच्या कामाला घरी हात लावू नये, असं ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. तेच लोक पुढे सांगतात की जाम बोल्टवर एकच उपाय, पान्यात पाइप घालायचा आणि अंगातला सगळा जोर लावायचा. मला ही दोन्ही मतं मान्य नाहीत. माझ्या मते दुसऱ्यातूनच पहिलं जन्माला आलं आहे. जोर केला की बोल्ट तुटतो, आणि तुटला की ‘हे घरचं काम नव्हे’ असा निकाल लागतो.

आधी पाइपाचा हिशेब करू. एक मीटरच्या पाइपाच्या टोकाला चाळीस किलोचा भार दिला की बोल्टवर सुमारे 400 न्यूटन-मीटरचा पीळ पडतो. डोक्यावर 10.9 कोरलेला 12 मिलिमीटरचा बोल्ट साधारण 120 न्यूटन-मीटरला कसतात. तिपटीहून जास्त पिळलं तर तो सुटणार कशाला, तुटणारच. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा घेतो, त्यामुळे आटे आतून गच्च आवळले जातात. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत खाऱ्या हवेत चार पावसाळे काढलेल्या गाडीखाली एकदा वाकून पाहा, म्हणजे कळेल. तो गंज फुटावा लागतो, आणि तो फोडायला जोरापेक्षा क्रम लागतो.

आधी वायर ब्रशने उघडे आटे लख्ख करावेत. गंजाच्या थरावरून नट फिरवायला गेलं की तो दोन फेऱ्यांनी पुन्हा अडकतो. मग गंज सोडवणारं पातळ तेल मारून रात्रभर थांबावं. स्प्रे मारून पाचच मिनिटांत पाना लावणारे ‘काही उपयोग नाही’ म्हणतात. त्यांनी तेलाला आत शिरायला वेळच दिलेला नसतो. डब्ल्यूडी-40 तर 1953 साली मुळात पाणी हटवण्यासाठीच तयार झालं होतं. मुरवणारं खास तेल वेगळं मिळतं, ते घ्यावं. रबराच्या बुशवर मात्र ते साचू देऊ नये.

पाना सहा कोनांचा, नटावर पूर्ण बसणारा हवा. पहिला झटका कसण्याच्या दिशेने, अगदी हलका. मग उलटा. इथे हाताने ऐकावं लागतं. ‘टक्’ असा कोरडा आवाज आला की गंज फुटला. पाना मऊपणे, लवचिकपणे पुढे सरकू लागला आणि आवाज काहीच नाही, तर बोल्ट पिळवटतोय. तिथेच थांबावं, परत मागे यावं, तेल मारावं. पाव फेरी पुढे, त्याहून थोडी कमी मागे. हे कंटाळवाणं काम कुणी शिकवत नाही, म्हणून लोकांना बोल्ट हट्टी वाटतो.

लोअर आर्मचा बोल्ट ही वेगळी जात. नट सहज निघतो, पण बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीला धरून बसतो. पाना फिरतो, रबर पिळतं आणि सोडलं की परत येतं. इथे कितीही ताकद लावा, ती वायाच जाते. बुश बदलायचाच असेल तर बुश आणि ब्रॅकेटच्या फटीत पातं घालून दोन्ही बाजूंनी बोल्ट कापणं हाच शहाणपणा आहे. त्याला हार मानणं म्हणू नये.

नट आगीने तापवण्याबद्दल मात्र ‘घरी हात लावू नये’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा खरा आहे. नट तापवल्यावर तो फुगतो आणि सुटतो, हे बरोबर. पण शेजारी रबर असेल तर ते जळतं, आणि शॉक अॅब्सॉर्बरमध्ये दाबाखाली वायू आणि तेल असतं. त्याच्याजवळ ज्योत नेऊच नये. स्प्रिंग तापवली तर तिचं पाणी उतरतं. स्ट्रटचा वरचा मधला नट स्प्रिंग दाबून धरल्याशिवाय उघडणं जीवघेणं आहे. ही कामं खुशाल गॅरेजला द्यावीत. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरणाऱ्यालाही मी घरीच काय, कुठेही काम करू देणार नाही. खाली घोडी लावलीच पाहिजे.

पण लिंक रॉड, शॉकचा खालचा बोल्ट, आर्मचा बुश ही कामं रविवारी दारात होण्यासारखी आहेत. जुना बोल्ट परत लावू नये, नायलॉनचा नट तर नाहीच. हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाही नरम बोल्ट चालत नाही, तितक्याच दर्जाचा आणावा. बुशमधून जाणाऱ्या गुळगुळीत भागाला कॉपर ग्रीस लावावं, आट्यांना नको, नाहीतर ठरलेल्या आकड्यावर बोल्ट जास्त कसला जातो. आणि बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावर, पूर्ण वजन आल्यावरच शेवटचे कसावेत. हवेत कसले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकरच फाटतं.