इंग्रजी चुकली तरी चालेल, मेल गेलाच पाहिजे!



आपलं भिंगार म्हणजे लष्कराची छावणी. हिंदी-इंग्रजी रोज कानावर पडते आणि बोलताना आपण कसंही निभावतो. पण इंग्रजीत कोटेशन लिहायचं म्हटलं की हात थांबतो. "आधी कुणाला तरी दाखवून घेऊ" म्हणत मेल दोन दिवस पडून राहतो आणि ऑर्डर दुसरा घेऊन जातो.

शेजारच्या किल्ल्यात कैदेत असताना नेहरूंनी 1944 साली 'द डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. तुम्हाला एवढं मोठं पुस्तक थोडंच लिहायचंय? गिऱ्हाईक पाचच गोष्टी बघतं: माल कोणता, किती, भाव काय, कधी मिळणार, पैसे कधी द्यायचे. "रेट 42 रुपीज पर पीस. डिलिव्हरी 7 डेज. पेमेंट 30 डेज." झालं की! व्याकरण चुकलं तर कुणी हसत नाही, आकडा चुकला तर नुकसान होतं. म्हणून आकडे दोनदा तपासा.

माझ्या मते लिहायचं टाळणं जास्त महागात पडतं. एमएसएमईडी कायदा 2006 नुसार सूक्ष्म-लघु उद्योगाचं पेमेंट लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत मिळायला हवं. उशीर झाला तर व्याजही मागता येतं. पण माल कधी पोहोचवला याचा पुरावा लागतो. फोनवरचं बोलणं कसं दाखवणार?

उद्यम नोंदणी मोफत आहे, ती करून घ्या. आणि अडकलेलं ते कोटेशन आजच पाठवा!