चिरुटाची पेटी आणि कोकणचा पाऊस

गेल्या आषाढात खारेपाटणास एका आप्तांच्या घरी आमचा आठ दिवस मुक्काम घडला. हे गृहस्थ परदेशातील नोकरी आटोपून वडिलोपार्जित घरी परतलेले. येताना त्यांनी चिरुटाचा शौक बरोबर आणला, व तो शौक सांभाळण्याची एक सुबक लाकडी पेटीही आणली. तिकडे या पेटीस ह्युमिडॉर म्हणतात. पेटीची निगा कशी राखावी, असे त्यांनी वैशाखात आम्हांस पत्राने विचारले होते. आम्ही इंग्रजी पुस्तक काढले, त्यात पाहिले व लिहून पाठविले, की आतील स्पंज दर आठवड्यास शुद्ध पाण्याने भिजवीत जावा. त्यांनी आज्ञा तंतोतंत पाळली. आषाढात आमच्या समक्ष झाकण उघडले, तेव्हा चिरुटांवर पांढरी बुरशी धरली होती व काहींना टाचणीने टोचावे तशी बारीक भोके पडली होती. त्यांच्या मातोश्री दारातून एवढेच म्हणाल्या, “अरे, मीठ पाझरता हा, आणि तू पेटीत पाणी कित्याक घालतस?”

हा प्रश्न वास्तविक आम्हांस होता, व त्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. चिरूट ओढणे चांगले, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. त्याच्या धुराने तोंडाचा, घशाचा व अन्ननलिकेचा कर्करोग होतो, हे आता निर्विवाद ठरले आहे. आणि आमचे आप्त ते जाणून आहेत. आमचा वाद तंबाखूशी नसून आमच्यासारख्या शिकलेल्या लोकांच्या एका खोडीशी आहे. पुस्तकातला उपाय उचलताना तो कोणत्या हवेत लिहिला गेला, हे न विचारण्याची ही खोडी होय.

पेटीचा रूढ नियम सत्तर-सत्तरचा आहे: ७० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २१ अंश सेल्सिअस, उष्णता, आणि ७० टक्के सापेक्ष आर्द्रता. तंबाखूचे पान भोवतालच्या हवेतून ओल घेते व कोरड्या हवेस ओल देते. फार सुकले तर वरचे पान तडकते, सुगंधी तेले उडतात व धूर तिखट लागतो. थंड देशांत हिवाळ्यात घरे तापवितात, आणि तापविलेली हवा विलक्षण कोरडी होते. तेथे पेटीचे काम पाणी पुरविण्याचे आहे, व तेथे तो नियम यथार्थ आहे. परंतु आर्द्रता ७५ टक्क्यांपलीकडे गेली की बुरशीचे भय. आणि उष्णता २५ अंशांच्या आसपास पोचली की पानात दडलेल्या अंड्यांतून तंबाखूचा किडा निघण्याचे भय. ती बारीक भोके त्या किड्याचीच होती.

आता खारेपाटणाकडे पाहा. विजयदुर्गाच्या खाडीच्या वरच्या अंगास वसलेले हे गाव. पावसाळ्यात नदी फुगली की पाणी बाजारपेठेत शिरते. आषाढात हवेची आर्द्रता दिवसचे दिवस ८५ ते ९५ टक्के असते, आणि उष्णता २५ अंशांच्या आसपास वा त्याहून अधिक असते. अशा हवेत पेटीत पाणी घालणे म्हणजे नदीत उभे राहून अंगावर घागर ओतून घेणे होय. शिवाय तापलेल्या हवेत बाष्प अधिक मावते. ७० टक्के हा आकडा २८ अंशांवर घेतला, तर २१ अंशांच्या मानाने बाष्प सुमारे दीडपट होते. तेथे पेटीचे काम नेमके उलटे आहे. स्पंज काढावा, ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी ठेवावी, आकडा ६२ ते ६५ वर राखावा, पेटी घरातील थंड जागी असावी. आणि किड्याची शंका असेल तर चिरूट हवाबंद पिशवीत घालून काही दिवस बर्फाच्या कपाटात गोठवावेत. हाच शौकीन चैत्रात पुण्यास राहू लागला, तर त्यास स्पंज पुन्हा भिजवावा लागेल. पेटी तीच, चिरूट तेच. हवा मात्र वेगळी.

यावर कोणी म्हणेल, की शास्त्र सर्वत्र सारखेच असते; त्यास इंग्लंड काय व कोकण काय! आम्हांस हे पूर्ण मान्य आहे. शास्त्र सर्वत्र एकच असते, म्हणूनच सूचना सर्वत्र एक असू शकत नाहीत. वैद्यक एकच असले म्हणून ज्वराचा व अतिसाराचा काढा एक होत नाही. आम्ही पत्रात जे पाठविले ते शास्त्र नव्हते. ती परक्या हवेत लिहिलेली एक चिठ्ठी होती.

आणि शास्त्र तरी घरात नव्हते काय? शुद्ध मीठ ७५ टक्क्यांच्या आसपास हवेतील ओल ओढून पाझरू लागते. म्हणजे त्या माउलीची मिठाची बरणी हेच एक आर्द्रतामापक यंत्र होते. ज्या घरात आगोटीपूर्वी मिरच्या, आमसुले, सुकी मासळी वैशाखाच्या उन्हात खडखडीत वाळवून बरण्यांना दादरे बांधतात, त्या घरास ओल म्हणजे काय हे पुस्तकाने शिकवावयास नको. तेथे पानाची चवड ओल्या फडक्यात राहते, आणि त्याच डब्यात सुपारी व तंबाखू कोरड्या खणात. कोणती वस्तू ओली ठेवावी व कोणती कोरडी, याचा विवेक या पानाच्या डब्यात आहे, तो आमच्या पत्रात नव्हता.

परंतु येथेच दुसऱ्या पक्षासही थांबविले पाहिजे. आजीबाईस सर्व ठाऊक होते, परदेशी यंत्रे समुद्रात बुडवा, असे म्हणणारे लोक हल्ली पुष्कळ आहेत. त्यांनी ध्यानात घ्यावे, की मिठागराच्या जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात व ते फार आधीच पाझरते. त्याच्यावर विसंबून ६५ व ७५ यांतील भेद कळणार नाही. त्यासाठी यंत्रच हवे. मात्र त्या यंत्राची परीक्षा पुन्हा मिठानेच होते: शुद्ध मिठाचा ओला लगदा व यंत्र हवाबंद बरणीत दिवसभर ठेवावे; काटा ७५ दाखवील तर यंत्र खरे. स्वयंपाकघर व प्रयोगशाळा यांचे असे वैर नाहीच. वैर आहे ते दोहोंकडे पाठ फिरविणाऱ्या आळसाशी.

हा वाद जुना आहे. १६०४च्या सुमारास असद बेगाने विजापुराहून तंबाखू अकबराच्या दरबारी नेली, तेव्हा एका हकिमाने हरकत घेतली, की परीक्षा केल्यावाचून फिरंग्यांची चाल उचलू नये. असद बेगाने उलट म्हटले, की जगातली प्रत्येक चाल कधीतरी नवीच होती. आमच्या मते दोघेही खरे बोलले. नवे घ्यावे, परीक्षा करून घ्यावे. गेली चारशे वर्षे आपण असद बेगाचे ऐकले आणि हकिमास विसरलो.

खारेपाटणास तर याचे उत्तम उदाहरण हाताशी आहे. येथे शिलाहारांचे ताम्रपट सापडले: एक रट्टराजाचा, शके ९३०, म्हणजे इ. स. १००८चा, दुसरा अनंतदेवाचा, इ. स. १०९४चा. पहिला विद्वानांपुढे मांडला तो जवळच्याच पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी. तेही इंग्रजी शिकलेले होते. पण नव्या विद्येचा दिवा त्यांनी स्वतःच्या परसात नेऊन पाहिले. आम्ही तो दिवा दुसऱ्याच्या परसातच धरून बसलो आहोत.

तांबे हजार वर्षे टिकले. कागद टिकत नाही. आप्तांच्या माजघरातील कपाटात पणजोबांचे दफ्तर रुमालांत बांधलेले आहे: मोडीतील खतपत्रे, जमाखर्चाच्या वह्या, दोन पोथ्या. चिरूट खाणारा तो किडा हळदीत व मिरच्यांत शिरतो, आणि पुस्तकांच्या बांधणीतही. बुरशीसही चिरूट व खतपत्र यांत भेद कळत नाही. असे असता चिरुटास यंत्र व दफ्तरास रुमाल, अशी आपली व्यवस्था! हे आप्तांस आम्ही म्हणावे, तर आमच्या स्वतःच्या घरीही वडिलांची टिपणे अशीच पडून आहेत, व तेथे तर यंत्रही नाही.

निघण्याच्या दिवशी आम्ही ते यंत्र मिठाने पारखून घेतले व पेटीतून काढून कपाटात ठेवले. तासाभराने काटा पाहिला. ८८ होता. मातोश्रींनी चष्मा लावून तो आकडा वाचला, रुमालाची गाठ सोडली, आणि कागद चुलीच्या खोलीत उबेला पसरण्यासाठी मुलास हाक मारली.