साठ रुपयांचा फिल्टर

गोव्याला निघायच्या आदल्या दिवशी मी बुलेटला ‘सेम टू सेम’ ऑइल फिल्टर बसवला. साठ रुपये वाचले म्हणून अख्ख्या विंगला चहा पाजला. आंबोली घाटात उजवा बूट तेलाने माखला! फिल्टर मापाचाच होता, सोबतची ओ-रिंग मात्र किंचित बारीक. दुकानदाराला शिव्या घातल्या, पण जुनी रिंग शेजारी धरून मी तरी कुठे बघितली होती?

आपल्याकडे फिल्टर निवडतात ते खोका बघून. अहो, बहुतेक बाइकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना एकच ऑइल. क्लचप्लेटचा भुगाही त्याच कागदी घड्यांत अडकतो. कागद अपुरा असला की फिल्टर लवकर चोंदतो. मग बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं तेल थेट बेअरिंगला! इंजिन कोरडं पडण्यापेक्षा ते बरं, एवढंच. डब्यासारख्या फिरवून बसवायच्या फिल्टरमध्ये हा व्हॉल्व्ह बहुधा फिल्टरच्याच पोटात असतो. म्हणजे आटे जुळले तरी व्हॉल्व्ह किती दाबाला उघडेल ते वेगळं असू शकतं.

म्हणून माझं मत, टूरला जाताना मॅन्युअलमधल्या पार्ट नंबरचाच फिल्टर घ्या. ओ-रिंग दोन घ्या. माझ्याकडे एक जादा आहे, लागली तर रूमवर या.