लुईसचा सिद्धान्त शिकवता, मग लुईस का लपवता?

अर्थशास्त्र घेऊन एम.ए. करणाऱ्या आमच्या मुलामुलींना आर्थर लुईस यांचा सिद्धान्त पाठ असतो. शेतीत गरजेपेक्षा जास्त माणसे अडकून पडलेली असतात. ती काढून घेतली तरी उत्पादन फारसे घटत नाही. कारखानदारी वाढली की ही माणसे तिकडे जातात आणि देश पुढे सरकतो. आकृती काढली की गुण मिळतात. पण हे लुईस कोण होते, असे या मुलांना विचारून पाहा. बहुतेकांना ते कुणीतरी गोरे इंग्रज प्रोफेसर वाटतात. त्यांना दोष कसा देणार? शिकवणाऱ्याने सांगितलेलेच नसते.

विल्यम आर्थर लुईस काळे होते. २३ जानेवारी १९१५ रोजी वेस्ट इंडीजमधील सेंट लुशिया या बेटावर त्यांचा जन्म झाला. इंग्रजांच्या वसाहतींतील या बेटांवर पिढ्यान्‌पिढ्या आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांकडून ऊस पिकवून घेतला गेला. लुईस सात वर्षांचे असताना वडील वारले. आईने पाच मुले एकटीने वाढवली. चौदाव्या वर्षी शाळा संपवून हा मुलगा सरकारी कचेरीत कारकून झाला, कारण शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसण्याइतके वय अजून झालेले नव्हते. शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा त्यांना इंजिनिअर व्हायचे होते. पण काळ्या इंजिनिअरला ना सरकार नोकरी देणार होते, ना ऊसमळ्यांचे गोरे मालक. म्हणून त्यांनी वाणिज्य शाखा धरली. जगाला एक मोठा अर्थशास्त्रज्ञ मिळाला तो असा, एक दरवाजा तोंडावर बंद झाल्यामुळे.

१९३३ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. त्याआधी दहाच वर्षे, १९२३ साली, बाबासाहेबांनी याच संस्थेत अभ्यास करून डी.एस्सी. मिळवली होती. १९३८ साली लुईस तेथे शिकवू लागले. त्या संस्थेतील ते पहिले काळे अध्यापक. पुढे लिव्हरपूल विद्यापीठातील प्राध्यापकपद रंगामुळे हुकले. १९४८ साली मँचेस्टरने त्यांना पूर्ण प्राध्यापक केले, तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते. ब्रिटनमधील विद्यापीठात काळ्या माणसाला असे पद मिळण्याची ही पहिलीच वेळ. आम्हाला येथे मुंबईचे सिडनहॅम कॉलेज आठवल्याशिवाय राहत नाही. १९१८ साली बाबासाहेब तेथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि सहकारी प्राध्यापकांनी त्यांच्या पाण्याच्या भांड्याला हात लावण्यावर हरकत घेतली. विद्वत्ता कबूल, स्पर्श मात्र नाकबूल!

१९५१ साली अविकसित देशांच्या विकासाबाबत संयुक्त राष्ट्रसंघाने नेमलेल्या पाच तज्ज्ञांच्या गटाने अहवाल दिला. त्यात लुईस होते आणि पुण्याचे धनंजयराव गाडगीळही होते. त्यानंतर १९५४ साली लुईस यांचा तो प्रसिद्ध निबंध आला. पाठ्यपुस्तके त्यातली आकृती उचलतात आणि धार सोडून देतात. कारखान्यातली मजुरी कशावर ठरते, तर गावातला माणूस किती कमावतो त्यावर, हे लुईस दाखवतात. गावात पोट जेमतेम भरत असेल तर त्याहून थोडे जास्त दिले की माणूस मिळतो. म्हणजे गावातला माणूस गरीब राहण्यात मालकाचा थेट फायदा आहे. आफ्रिकेत साम्राज्यवाद्यांनी लोकांच्या जमिनी काढून घेतल्या, त्यांची शेती मागास ठेवली आणि खाणीमळ्यांना स्वस्त मजूर मिळवले, हे लुईस यांनी त्याच निबंधात सांगितले आहे. महारकी वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली कायदेमंडळात विधेयक का आणले आणि दादासाहेब गायकवाडांनी १९५९ व १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह का केले, हे ज्याला कळते त्याला हा निबंध समजायला आकृती लागत नाही.

मात्र लुईस यांच्या मांडणीत एक उणीव आहे. त्यांचा मजूर गावातून निघतो आणि कारखान्यात शिरतो. वाटेत त्याला कुणी जात विचारत नाही. शेतीवरचे जादा श्रम आणि त्यावर औद्योगिकीकरणाचा उपाय हा विचार बाबासाहेबांनी १९१८ सालीच भारतातील लहान शेतजमिनींवरील निबंधात मांडला होता, लुईस तीन वर्षांचे असताना! आणि १९३६ साली ते आणखी पुढे गेले. जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. ती माणसाला धंदा बदलू देत नाही म्हणून बेकारी वाढवते, असे त्यांनी बजावले. आजही गावातून शहरात आलेल्या आमच्या माणसाच्या हाती गटारसफाईचे काम पडते, तेव्हा श्रम जागचे हलले पण जात हलली नाही, याचा हिशोब लुईसच्या आकृतीत मिळत नाही.

लुईस यांचे सगळेच आम्हाला पटते असे नाही. १९६३ पासून ते अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकवत होते. १९६९ साली काळ्या विद्यार्थ्यांच्या चळवळीने स्वतंत्र कृष्णवर्णीय अध्ययन विभाग मागितले, तेव्हा वर जाण्याचा रस्ता तिकडून नाही, उच्च शिक्षणातून आहे, असे त्यांनी लिहिले. इंजिनिअरिंगचा दरवाजा बंद झालेल्या माणसाने असे म्हणावे यामागची तळमळ आम्ही समजू शकतो. पण स्वतःचा इतिहास न शिकता वर गेलेला माणूस कुणाचा उरतो, हे आम्ही आमच्या साहेबलोकांत पाहिले आहे. दुसऱ्या बाजूने हेही खरे की लुईस सत्तेपुढे वाकले नाहीत. स्वतंत्र घानाचे पंतप्रधान एन्क्रुमा यांचे ते आर्थिक सल्लागार होते. राजकीय हौसेखातर होणारा खर्च पटला नाही, तेव्हा १९५८ च्या अखेरीस पद सोडून निघाले. १९७९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, थिओडोर शुल्ट्झ यांच्यासोबत.

लुईस ज्यांना गरीब देश म्हणत, त्यांतल्या अनेकांना १९८१ नंतर 'उगवत्या बाजारपेठा' असे नवे नाव मिळाले. ते गुंतवणूकदारांच्या सोयीसाठी तयार झाले होते. देशाचा बाजार झाला, माणसाचे गिऱ्हाईक झाले. नाव बदलून माणसाची स्थिती बदलत नसते, हे गावकुसाबाहेरच्यांना कुणी शिकवायला नको.

प्रश्न आमच्या विद्यापीठांचा आहे. ५ मार्च २०१८ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने संपूर्ण विद्यापीठाऐवजी विभाग हा घटक धरून बिंदुनामावली लावायला सांगितली. लहान विभागांत आमची पदे जवळजवळ संपत होती. देशभर लोक रस्त्यावर आले, तेव्हा २०१९ साली कायदा करून ती चाल मागे घ्यावी लागली. कायदा झाला, पण 'योग्य उमेदवार मिळाला नाही' हा जुना शेरा मारायला हात अजून सरावलेलाच आहे. लिव्हरपूलला लुईस 'योग्य' नव्हते, हे त्या निवड समित्यांना कुणीतरी ऐकवले पाहिजे.

आमची मागणी साधी आहे. महाराष्ट्रातील प्रत्येक विद्यापीठाच्या अर्थशास्त्र अभ्यास मंडळाने १९५४ च्या लुईस यांच्या निबंधाशेजारी बाबासाहेबांचा १९१८ चा निबंध सक्तीचे वाचन म्हणून लावावा. आमच्या विद्यार्थी संघटनांनी हे निवेदन येत्या शैक्षणिक वर्षाआधी कुलगुरूंच्या टेबलावर ठेवावे आणि पोच घेतल्याशिवाय हलू नये.